प्रस्तावना : काटा हलला नाही तरी

अमेरिकेतल्या डॅलस शहरात कूपर इन्स्टिट्यूट नावाची संशोधन संस्था आहे. १९६८ साली ‘एरोबिक्स’ हे पुस्तक लिहून तो शब्द जगभर पोहोचवणारे डॉ. केनेथ कूपर यांनी ती १९७० मध्ये काढली. तिथे टिमोथी चर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ४६४ स्त्रिया होत्या. सगळ्या पाळी गेलेल्या, वय ४५ ते ७५ च्या दरम्यान, वजन जास्त, रक्तदाब थोडा वरचा आणि दिवसाचा बहुतेक वेळ बैठा. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरवले गेले. एका गटाने आपल्या दिनक्रमात काहीही बदलायचे नव्हते. बाकी तीन गटांनी सहा महिने देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालायचे किंवा बसून सायकल मारायची. वेग बेताचाच, फरक फक्त मात्रेचा. सर्वांत कमी मात्रेच्या गटाच्या वाट्याला आठवड्याला सरासरी ७२ मिनिटे आली, मधल्या गटाच्या सुमारे १३६ आणि सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाच्या सुमारे १९२.

आठवड्याला ७२ मिनिटे म्हणजे दिवसाला जेमतेम दहा. तेवढ्यानेही या बायकांची हृदय-फुप्फुसांची क्षमता ४.२ टक्क्यांनी वाढली. मधल्या गटात ती ६ टक्के वाढली, मोठ्या गटात ८.२. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे. वजनाचा हिशेब मात्र गोंधळात टाकणारा निघाला. सर्वांत जास्त घाम गाळणाऱ्या गटाचे वजन खर्च झालेल्या कॅलरींच्या हिशेबाने सरासरी २.७ किलोने उतरायला हवे होते. ते उतरले दीड किलो. मधल्या गटाचे त्याहून जास्त, २.१ किलो उतरले होते. शरीराने कुठेतरी भरपाई करून घेतली, थोडे जास्त खाऊन किंवा उरलेल्या दिवसात थोडे कमी हलून. कंबरेचा घेर मात्र तिन्ही गटांत कमी झाला, आणि वजन किती उतरले याच्याशी त्याचा संबंध नव्हता. रक्तदाब कोणत्याच गटात म्हणण्यासारखा बदलला नाही. हेही सांगून टाकलेले बरे, कारण व्यायामाच्या पुस्तकांना फक्त गोड बातम्या सांगायची खोड असते.

हे पुस्तक त्या अभ्यासावरचे नाही, पण त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रश्नावरचे आहे. वजन जास्त असलेल्या स्त्रीने कोणता व्यायाम केला तर तिच्या शरीरातल्या साखरेचे, चरबीचे आणि इन्सुलिनचे नेमके काय होते? ‘व्यायाम करा, वजन उतरवा’ हा सल्ला दवाखान्यात अर्ध्या मिनिटात देऊन होतो. पुढे तीन महिने ती बाई नेमाने चालायला जाते, काट्यावर उभी राहते, ७८ चे ७७ झालेले बघते आणि बूट कपाटात टाकते. या तीन महिन्यांत यकृतातली चरबी घटली असेल, जेवणानंतर साखर पूर्वीइतकी चढत नसेल, तेवढेच काम कमी इन्सुलिनमध्ये होत असेल, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. निकाल लावायचे काम आपण वजनकाट्यावर सोपवले आहे आणि त्याला ते जमत नाही. लेखिकेचे आणि माझे यावर एकमत आहे, म्हणूनच मी ही प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो.

आधी, या सगळ्याला मिळून ज्या नावाने ओळखतात ते ‘चयापचयाचे आरोग्य’ म्हणजे काय ते. १९८८ साली स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात मांडले की वाढलेला रक्तदाब, चढी साखर, रक्तातली बिघडलेली चरबी हे सगळे एकाच माणसात योगायोगाने एकत्र येत नाहीत. त्यांच्या मुळाशी इन्सुलिनला न जुमानणारे स्नायू आणि यकृत असतात. पुढे या एकत्रित बिघाडाचे निकष ठरले. भारतीय स्त्रीसाठी ते असे : कंबर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. पाचांपैकी तीन जमले की चयापचय बिघडले असे धरतात. या यादीत वजन नाही. कंबर आहे.

ही कंबर मोजायची कशी, यावर लेखिकेने दोन पाने खर्च केली आहेत आणि ती मला अजिबात जास्त वाटत नाहीत. आपल्याकडे कंबर म्हणजे परकराची नाडी जिथे बसते ती जागा. पोट सुटलेल्या बाईची नाडी पोटाच्या खाली सरकलेली असते आणि तिथे टेप लावला की आकडा भलताच येतो. बोटाने चाचपून सर्वांत खालची बरगडी शोधायची, मग खुब्याच्या हाडाची वरची कड. या दोहोंच्या मधोमध टेप आडवा गुंडाळायचा, मागून वर चढलेला नाही ना ते आरशात बघायचे, कपड्यावरून मोजायचे नाही. साधा श्वास सोडायचा आणि सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढायचे नाही. बहुतेक जणी ओढतात. टेप शिंप्याचा चालतो, फक्त वापरून ताणलेला नको.

८० हा आकडा अमेरिकेतल्या निकषांमधल्या मापाहून कडक का, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात तर हे नवजात बाळांमध्येच दिसले. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने कितीतरी हलकी होती, पण त्यांची चरबी त्या मानाने राखलेली. कमी पडले होते ते स्नायू. म्हणून भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असे धरावे, असे इथल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कंबर मोजली गेली. २५ च्या पुढच्या स्त्रिया २४ टक्के भरल्या, आणि कंबर प्रमाणाबाहेर असलेल्या जवळजवळ ४० टक्के. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे अशा बायका, ज्यांना ‘तुला काय झालंय, तू तर बारीकच आहेस’ असे सगळे सांगत असतात. हे पुस्तक जास्त वजनाच्या स्त्रियांसाठी लिहिले असले तरी त्यांनीही वाचावे.

स्त्रियांसाठी वेगळे पुस्तक हवे कशाला, असे विचारले जाईल. व्यायाम आणि हृदयरोग यांचे नाते पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवले ते संशोधक जेरी मॉरिस यांनी, १९५३ साली. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हा त्यांचा शोध. अभ्यास नामांकित, निष्कर्ष पक्का. पण त्यातली सगळी माणसे पुरुष. पुढेही कित्येक वर्षे असेच चालले, कारण पाळीच्या चक्राने आकडे हलतात, ती डोकेदुखी कोणाला नको होती.

तीच डोकेदुखी खरे तर विषयाचा गाभा आहे. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या-नितंबांकडे जाते. तिथली चरबी दिसायला नकोशी वाटली तरी चयापचयाला फारशी त्रास देत नाही. पाळी गेली की चरबीचा ओघ पोटाकडे वळतो, आतड्यांभोवती आणि यकृतात. वजन तेवढेच राहूनही साखर आणि ट्रायग्लिसराइड चढू लागतात ते यामुळे. पीसीओडी असलेल्या विशीतल्या मुलीत इन्सुलिनला प्रतिकार बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो, आणि बाळंतपण झाले की ती फाइल घरात कुठेतरी ठेवून दिली जाते. या तिघींना एकच व्यायाम सांगून भागत नाही.

आता खुद्द व्यायामाकडे. आकुंचन पावणारा स्नायू साखर कशी उचलतो, हे समजले की पुढची सगळी प्रकरणे सोपी जातात. स्नायूच्या पेशीत ग्लुट-४ नावाचे वाहक प्रथिन असते. एरवी ते पेशीच्या आत पडून असते. इन्सुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या पडद्यापाशी येते आणि साखर आत घेते. इन्सुलिनला प्रतिकार असलेल्या शरीरात हा निरोप नीट पोहोचत नाही. पण स्नायू हलला की तेच प्रथिन इन्सुलिनशिवायही वर येते. पुढचे दार अडले तरी मागचे उघडते. शिवाय एकदा नीट व्यायाम झाला की पुढचा दीड-दोन दिवस तो स्नायू इन्सुलिनलाही जास्त चांगला प्रतिसाद देतो. मग हा परिणाम ओसरतो. रविवारी दोन तास टेकडी चढून बाकी आठवडा लोळणाऱ्यांना हृदयाचा फायदा मिळत असेलही, पण साखरेचा पुरता मिळत नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असे मधुमेहाचे डॉक्टर म्हणतात ते यासाठी.

चालणे, पोहणे, सायकल, नाच, यांना या पुस्तकात ‘दमश्वासाचे व्यायाम’ म्हटले आहे. यांची सर्वांत पक्की कमाई म्हणजे हृदय-फुप्फुसांची वाढलेली क्षमता आणि पोटाच्या आतली घटलेली चरबी. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट रॉस यांनी २००४ साली पोट सुटलेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांवर १४ आठवड्यांचा प्रयोग केला. त्यातल्या एका गटाने रोज व्यायाम करायचा आणि जेवढे खर्चले तेवढे मुद्दाम खाऊन भरून काढायचे, म्हणजे वजन हलू द्यायचेच नाही. त्यांचीही पोटाची चरबी कमी झाली. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मात्र ज्यांचे वजनही उतरले त्यांच्यात ठळक सुधारला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आपल्याला हवी तेवढीच उचलायची नाही.

वेग किती हवा? चालताना बोलता आले पाहिजे पण गाणे म्हणता येऊ नये, ही जुनी कसोटी अजून चांगली आहे. सकाळी बागेत चौघी ओळीने, पूर्ण रस्ता अडवून, सुनेच्या गोष्टी सांगत फिरतात त्यात गाणेही म्हणता येईल, लावणीसुद्धा. त्या फेरीचे मोल वेगळे आहे, ते मी कमी लेखत नाही. पण तिला व्यायामाच्या खात्यात पूर्ण जमा धरू नये.

जेवणानंतरच्या चालण्यावर लेखिकेने भर दिला आहे आणि तो योग्यच आहे. साखर चढायला लागते तेव्हाच स्नायू कामाला लावले की ती चढण कमी होते. साखरेचा धोका असलेल्या वयस्क मंडळींवर २०१३ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटे चालणे हे एकदाच ४५ मिनिटे चालण्याइतकेच उपयोगी ठरले, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तर त्याहून सरस. आपल्याकडे रात्रीची शतपावली परंपरेतच आहे. शंभरावर थांबू नये, एवढेच.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक विकत घ्यावे असे मी म्हणेन त्याबद्दल. ताकदीचे व्यायाम. जिमच्या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रियांना आजही ट्रेडमिलकडे पाठवले जाते आणि डंबेलच्या मांडणीपाशी पुरुष उभे असतात. ‘वजनं उचलली तर दंड पुरुषासारखे होतील’ ही भीती मायलेकी दोघींच्या तोंडी सारखीच ऐकू येते. स्त्रीच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असते. तसे दंड कमवायला वर्षानुवर्षे रोजचे कष्ट लागतात. आणि इथे याज्ञिकांचे निष्कर्ष आठवावेत. इन्सुलिनच्या हुकमावर रक्तातून उचलली जाणारी साखर मुख्यतः स्नायूंत जाते. ज्या शरीरात जन्मापासून स्नायू कमी, त्यात चाळिशीनंतर ते आणखी झिजणार आणि पाळी गेल्यावर जास्तच. मग नुसते चालून तो खड्डा भरेल कसा?

लुइझियानातल्या पेनिंग्टन संस्थेत चर्च यांनीच २०१० साली प्रसिद्ध केलेला दुसरा अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. मधुमेह असलेली २६२ माणसे, त्यात ६३ टक्के स्त्रिया, नऊ महिने. एक गट फक्त दमश्वासाचा, एक फक्त ताकदीचा, एक दोन्ही मिळून, आणि व्यायामाचा एकूण वेळ तिन्हींत साधारण सारखा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तुलनेच्या गटापेक्षा ठामपणे खाली आली ती फक्त मिश्र गटात, ०.३४ ने. आकडा लहान वाटेल, पण मुद्दा आकड्याच्या आकाराचा नाही. वेळ तेवढाच ठेवून त्याचे दोन भाग केले आणि निकाल बदलला. ज्या बाईकडे दिवसाचा अर्धाच तास आहे तिच्यासाठी यापेक्षा उपयोगी माहिती दुसरी नाही.

त्यासाठी जिमही लागत नाही. पाठीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. कडेपाशी, थोडे पुढे सरकून बसायचे, पावले खांद्यांइतकी दूर, हात छातीवर दुमडलेले. टाचांवर भार देऊन उठायचे. उठणे सगळ्यांना जमते. खरे काम बसण्यात आहे. धपकन बसायचे नाही, मनात तीन मोजत उतरायचे, कारण उतरतानाच मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो. गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. दहा झाले की मिनिटभर थांबून पुन्हा दहा. शेवटच्या दोन वेळा उठताना जड गेले पाहिजे. नाही गेले तर पुढच्या खेपेला दोन्ही हातांत पाण्याने भरलेली लिटर-लिटरची बाटली. हे ‘जड जाणे’ फार महत्त्वाचे. पन्नास वेळा सहज करता येईल अशा हालचालीने स्नायू वाढत नाही. उठणे, ओढणे, ढकलणे, ओझे घेऊन चालणे, अशा पाच-सहा हालचाली आठवड्यातून दोनदा केल्या की जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेला ताकदीच्या व्यायामाचा किमान वाटा पूर्ण होतो. दमश्वासाचा वाटा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा, आणि तो सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांतच हवा ही जुनी अट त्याच वेळी काढून टाकली गेली. जिन्याचे दोन मजलेही आता मोजायचे.

वजन झपाट्याने उतरवणारी नवी इंजेक्शने भारतातही आली आहेत. त्यांनी चरबीबरोबर स्नायूही जातात. ती घेणाऱ्या बाईला ताकदीच्या व्यायामाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, आणि चिठ्ठी लिहिताना हे सांगितले जातेच असे नाही.

मोबाइलवर सध्या धुमाकूळ घालणाऱ्या तीव्र-विश्रांती-तीव्र पद्धतीच्या व्यायामाबद्दल लेखिका जितकी उत्साही आहे तितका मी नाही. ऑस्ट्रेलियात तरुण स्त्रियांवर झालेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग खरोखर लक्षवेधी होता. सायकलवर आठ सेकंद जीव तोडून, बारा सेकंद सावकाश, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा. पंधरा आठवड्यांत त्यांची सरासरी अडीच किलो चरबी गेली. सावकाश चाळीस मिनिटे सायकल मारणाऱ्यांची गेली नाही. पण नंतरच्या अनेक अभ्यासांचा मेळ घातला तेव्हा चरबीच्या बाबतीत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. तीव्र पद्धतीने वेळ वाचतो आणि दम चांगला वाढतो, हे खरे. मात्र पडद्यावरची मुलगी उड्या मारते म्हणून ८५ किलोच्या, दोन बाळंतपणे झालेल्या बाईने उड्या मारायच्या नाहीत. गुडघ्यांचे कारण सगळे सांगतात. दुसरे कारण कोणी सांगत नाही : उडी मारली, शिंक आली, की लघवीचे थेंब गळतात. यामुळे व्यायाम सोडलेल्या कितीतरी बायका कारण म्हणून ‘वेळ नाही’ सांगतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम करून बहुतेकींना यात बराच आराम पडतो. या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते संकोच न करता लिहिले आहे. तीव्र पद्धत हवीच असेल तर चढावर, जिन्यावर किंवा सायकलवर करावी, जिथे पाय जमिनीवर आदळत नाहीत.

योगासनांचा विषय महाराष्ट्रात नाजूक आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले, आणि लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. त्यामुळे श्रद्धेने बोलणारे आणि थट्टा करणारे असे दोन्ही पक्ष इथे जुने आहेत. माझे म्हणणे असे, की कुवलयानंदांना मानणाऱ्यांनी त्यांची तपासून बघण्याची सवयही घ्यावी. जर्मनीत एसेन येथे पोट सुटलेल्या ६० स्त्रियांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांच्या योगवर्गाने कंबर सरासरी जवळपास चार सेंटिमीटरने उतरली. हा उत्तम निकाल आहे. पण एकूण पुरावा छोट्या छोट्या अभ्यासांचा, आणि वर्गागणिक ‘योग’ म्हणजे काय ते बदलते. झपाट्याने घातलेले सूर्यनमस्कार दम काढतात, हातांनाही ताकद देतात. शवासन आणि प्राणायामाने झोप आणि ताण सुधारेल. त्याने मांडीचा स्नायू वाढणार नाही. ‘मी योगा करते’ एवढ्यावरून चयापचयाबद्दल काहीच कळत नाही.

आणि घरकाम? ‘दिवसभर राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ या प्रश्नाला उडवून लावणारे मला आवडत नाहीत. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे निघाले; घरकाम करणारे पुरुष ९७. जवळजवळ पाच तास. तरी २०२२ च्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, कारण कामाचा वेळ आणि कामाचा जोर वेगळे. वाकून लादी पुसणे मध्यम जोराच्या व्यायामात मोडते. पोळ्या लाटणे, भाजी निवडणे, डबे भरणे, ओट्यापाशी दोन तास उभे राहणे यांत पाय दुखतात, पण श्वास वाढत नाही. आणि ज्या घरांतून हे पुस्तक वाचले जाणार आहे त्यांतल्या बहुतेक घरांत लादी पुसायला दुसरी बाई येते. तिचे चयापचय हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे आणि तो कोणी लिहीत नाही.

पाच तास घरकामात गेलेल्या बाईला वेळ काढ म्हणणे सोपे. लेखिकेने घरातल्या माणसांसाठी वेगळे पान लिहिले नाही. लिहायला हवे होते. सकाळचा डबा कोणी भरला तर अर्धा तास मोकळा होतो, एवढा साधा तो हिशेब आहे.

आणखी एक मतभेद. पुस्तकाच्या शेवटी कोणत्या व्यायामाने किती कॅलरी जळतात याचा लांबलचक तक्ता आहे. डॅलसच्या बायकांचे काय झाले हे पहिल्या प्रकरणात सांगून झाल्यावर तो तक्ता कशासाठी? वाचक अर्धा तास चालून त्यात बघणार, ‘म्हणजे एक करंजी बसते’ म्हणणार आणि खाणार. मी तो वगळला असता. वजन उतरवायचे तर मुख्य काम ताटात करावे लागते. व्यायाम ते उतरलेले वजन टिकवतो आणि उतरताना स्नायू वाचवतो. आहारावर इथे थोडकेच लिहिले आहे, आणि ते बरोबर आहे, कारण तो विषय घुसला की बाकीचे सगळे झाकोळून जाते.

सुरुवात करण्यापूर्वीच्या सूचना पाचव्या प्रकरणात आहेत, त्या वगळून पुढे जाऊ नये. छातीत दुखत असेल, रक्तदाब फार वर असेल, तर आधी डॉक्टर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात साखर ठेवावी आणि गोळीची मात्रा विचारून घ्यावी. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेला असेल तर जड वजने डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

एका तपासणीचा मात्र आग्रह धरीन, कारण ती पाच-सहा तपासण्यांच्या यादीत हरवते. हिमोग्लोबिन. आधी सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. वजन जास्त म्हणजे रक्त भरपूर, असा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात जाड बाई अशक्तही असू शकते. ९ हिमोग्लोबिनवर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना धाप लागते, ती बाई स्वतःला आळशी समजते आणि घरचेही तिला तसेच समजतात. तिला आधी लोह द्यायला हवे, मग वेग.

बारा आठवड्यांनी काय मोजायचे, त्याची पानभर चौकट पुस्तकात आहे : कंबर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते, आणि एचबीए१सी. त्यात एक भर घालून मी थांबतो. लोह कमी असेल तर एचबीए१सी प्रत्यक्ष साखरेच्या मानाने थोडे जास्त दिसते, कारण लाल पेशी नव्याने कमी तयार होतात आणि जुन्या पेशींवर साखर चिकटत राहते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर हा आकडा आपोआप काहीसा उतरतो. ज्या बाईने त्याच तीन महिन्यांत व्यायामही सुरू केला असेल तिने आकडा उतरलेला पाहून सगळे श्रेय व्यायामाला देऊ नये. हिमोग्लोबिन सुधारल्यावर पुन्हा एकदा एचबीए१सी करून घ्यावे, आणि तिथून पुढचा हिशेब मांडावा.